दारू बंद, हप्ते चालू: टाळेबंदीत नव्याने सोडणाऱ्यांसाठी

मागच्या आठवड्यात दारू सोडणाऱ्यांच्या आमच्या झूमवरच्या मीटिंगला एक नवा माणूस आला. व्हिडिओ बंद. नावाच्या जागी नुसता मोबाइलचा मॉडेल नंबर. त्याची पाळी आली तेव्हा म्हणाला, "चार दिवस झाले, घेतली नाही. पण फोन वाजला की घ्यावीशी वाटते." फोन वसुलीवाल्यांचे होते.

मीटिंगमध्ये कोणी कोणाला सल्ला देत नाही, ज्याने त्याने आपापलं सांगायचं असा रिवाज आहे आणि तो चांगला आहे. पण त्या माणसाला सल्लाच हवा होता. तो इथे लिहितो. मी डॉक्टर नाही, वकील नाही. भोसरीच्या एका वर्कशॉपमध्ये सुपरवायझर आहे. मागच्या वर्षीच्या टाळेबंदीत मी दारूचा, कर्जाचा आणि घरच्यांच्या नजरेचा एकदमच सामना करायला गेलो आणि तिन्हीकडे तोंडावर आपटलो. सप्टेंबर २०२० पासून घेतलेली नाही. हे लिहितोय तेव्हा मे २०२१ चालू आहे, पुन्हा सगळं बंद आहे, आणि नव्याने सोडणारे पुन्हा त्याच क्रमाने चुकताना दिसतात.

चूक क्रमातच आहे. आपण आधी माफी मागतो, मग "दोन महिन्यांत सगळ्यांचे फेडतो" म्हणतो, आणि मग दारू सोडायला बसतो. उलटं करा. आधी शरीर, मग पैसा, खंत शेवटी.

पहिले पाच दिवस

रोज पिणारा असाल, सकाळी हात थरथरत असतील, पहिली घेतल्याशिवाय चहाचा कप धरवत नसेल, तर घरात एकट्याने एकदम बंद करू नका. दारू सोडताना माणूस दगावू शकतो, हे मला चाळीस वर्षांत कोणी सांगितलं नव्हतं.

२४ मार्च २०२० च्या रात्री देशभर टाळेबंदी जाहीर झाली तेव्हा माझ्याकडे एक चपटी शिल्लक होती. ती संपली. ब्लॅकमध्ये दीडशेची क्वार्टर सहाशेला चालली होती, ती दोन-चार वेळा घेतली, मग तीही मिळेना. दुसऱ्या दिवशी घाम, उलट्या, अंगाला कंप. चाळीतल्या लोकांना वाटलं कोरोनाच झाला. दार लावून घेतलं सगळ्यांनी. बायकोने स्टीलच्या पेल्यात पाणी दिलं, तो दातांवर खडखड वाजत होता, एवढंच आठवतं. त्यानंतर आकडी आली. जीभ चावली गेली. शुद्धीवर आलो तेव्हा बायको माझी मान एका कुशीवर धरून बसली होती आणि मुलगी दाराच्या चौकटीत उभी होती.

म्हणून हे नीट वाचा. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ, झोप न येणं सुरू होतं. आकडी साधारण पहिल्या दोन दिवसांत येते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी काहींना भास होतात: भिंतीवर किडे दिसतात, कोणीतरी हाक मारतंय असं वाटतं, दिवस कोणता ते कळत नाही, ताप चढतो. आकडी किंवा भास, दोन्हींपैकी एक जरी झालं तरी १०८ ला फोन करून सरळ हॉस्पिटल. "उद्या बघू" म्हणायचं नाही. ज्याला पूर्वी कधी सोडताना आकडी आली आहे, त्याने तर डॉक्टरच्या देखरेखीखालीच सोडायचं.

दवाखान्यात गेल्यावर लाज बाजूला ठेवून पहिलं वाक्य दारूचं बोला. किती घेता, शेवटची कधी घेतली. गल्लीतले डॉक्टर अशक्तपणा म्हणून ग्लुकोजची सलाईन लावून मोकळे होतात. रोज पिणाऱ्याच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्वाचा खडखडाट असतो, आणि ते न देता नुसतं ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा होऊ शकते. दारूचं कळलं की डॉक्टर आधी बी-१ देतात. तसंच, कोरोना म्हणून कुठे भरती व्हायची वेळ आली तरी तिथे हे सांगा. नाहीतर दुसऱ्या दिवशी वॉर्डात थरथर सुरू होते आणि कोणाला कळत नाही की हा ताप कशाचा.

झोपेच्या गोळ्या मित्राकडून घेऊ नका. कोणी "तेवढ्यापुरतं" म्हणून दुसरं काही पुढे केलं तर तेही नको. गेल्या महिन्यात यवतमाळ जिल्ह्यातल्या वणीला दारू मिळत नाही म्हणून सॅनिटायझर प्यायलेले सात जण गेले. ते काही जगावेगळे नव्हते. एप्रिल २०२० मध्ये मीही सॅनिटायझरची बाटली उलटी करून लेबल वाचलं होतं.

दवाखान्यात जायची भीती वाटत असेल तर आधी सरकारच्या ई-संजीवनी ओपीडीवर मोबाइलवरून डॉक्टरशी बोला, पैसे लागत नाहीत. भरती व्हायला लागेल की घरी निभेल, एवढं तरी तिथे कळतं. व्यसनमुक्ती केंद्रांनाही फोन करून विचारा, पुण्यातल्या मुक्तांगणसारख्या जुन्या संस्थेला किंवा तुमच्या जिल्ह्यात जे असेल त्याला. भरतीचे नियम सारखे बदलतात, ऐकीव माहितीवर बॅग भरू नका.

या वेळी बाटली दारात येते

मागच्या वर्षी दुकानं बंद होती, तेवढी तरी मदत होती. मे २०२० च्या पहिल्या आठवड्यात ती उघडली आणि मी रांगेत उभा होतो, हे आधीच कबूल करतो. या वेळी, २०२१ च्या टाळेबंदीत, घरपोच दारूला परवानगी आहे. म्हणजे बाहेर न पडताही पाय घसरू शकतो. मोबाइलमध्ये जिथे जिथे दुकानदाराचा नंबर आहे, जुन्या कंपूचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे, तो आजच काढा. ग्रुपवर निरोपाचं भाषण नको. गुपचूप बाहेर पडा.

एटीएम कार्ड आणि पेमेंट अ‍ॅपचा पिन घरच्या माणसाकडे द्या. अपमान वाटतो, खरं आहे. पहिले तीन महिने मी भाजीला जाताना बायकोकडून मोजून ऐंशी रुपये घेत होतो आणि परत आल्यावर ओट्यावर सुट्टे ठेवत होतो. पण ऐंशी रुपयांत माझी क्वार्टर येत नव्हती.

तलफ आली की ती कायमची राहत नाही, वीस-पंचवीस मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ काढायचा. जेवा. पोट भरलेलं असलं की निम्मी तलफ जाते, गोड खाल्लं तर आणखी. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा, या चारांपैकी काय चाललंय ते आधी बघा. टाळेबंदीत दोन खोल्यांत पाच माणसं असतात, तरी एकटं वाटतं, त्याचं नवल वाटून घेऊ नका.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या मराठी मीटिंगा झूमवरही चालतात. वर्गणी नाही, नाव सांगावं लागत नाही, व्हिडिओ बंद ठेवला तरी कोणी हटकत नाही. आमच्या घरात एकच स्मार्टफोन. सकाळी त्यावर मुलीची शाळा, रात्री साडेआठला माझी मीटिंग. बायकोसाठीही अशाच मीटिंगा असतात, अल-अनॉनच्या, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांसाठी. ती पहिल्यांदा जायला तयार नव्हती. "पिता तुम्ही, आणि मीटिंगला मी का बसू?" असं म्हणाली होती. आता माझ्यापेक्षा नियमित आहे.

दहाव्या दिवसानंतर वही काढा

त्याआधी नको. थरथरत्या हाताने हिशेब मांडला तर आकडा बघूनच माणूस उठून जातो. दहा दिवस झोप जराशी लागली की मुलांची जुनी वही घ्या, मागची कोरी पानं चालतात. चार रकाने: कोणाचे, मुद्दल किती, व्याज किती, न दिल्यास काय होईल. घरच्या एका माणसाला शेजारी बसवा. मी बोललो, बायकोने लिहिलं. मधेच तिने पेन खाली ठेवलं, गॅसवरचं दूध बघून आली, परत बसली. तीन वेळा असं झालं. तिसऱ्या वेळी गॅसवर काही नव्हतं.

सगळं लिहा. किराणावाल्याची उधारी, पतसंस्थेत ज्याला जामीन ठेवलं त्याचं नाव, भिशीचे उचललेले, मेव्हण्याचे हातउसने. जे लपवाल, त्याचाच फोन रात्री येईल. क्रेडिट स्कोअरचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मिळतो, तो काढा, विसरलेली कर्जं त्यात सापडतात. मला एक टीव्हीचा हप्ता सापडला. टीव्ही कधीच विकून झाला होता.

आता काही गोष्टी आकड्यांतच सांगतो, कारण इथे फसगत होते.

मागच्या वर्षी रिझर्व्ह बँकेने मार्च ते ऑगस्ट असे सहा महिने हप्ते पुढे ढकलायची मुभा दिली होती. मी ती माफी समजलो. माझं तीन लाखांचं वैयक्तिक कर्ज, दर १४ टक्के. महिन्याला साडेतीन हजार व्याज चढत होतं, सहा महिन्यांत एकवीस हजारांच्या वर गेलं. हप्त्याचे वाचलेले पैसे कुठे गेले ते सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये सरकारने व्याजावरचं व्याज परत दिलं तेव्हा खात्यात सहाशे बावीस रुपये आले. मी मेसेज दोनदा वाचला, मला वाटलं दोन शून्यं राहिली असतील.

या वेळी, २०२१ मध्ये, सरसकट सवलत नाही. मात्र ५ मे २०२१ रोजी रिझर्व्ह बँकेने कर्जाची फेररचना करायची, म्हणजे हप्ते-मुदत बदलून द्यायची, दुसरी योजना आणली आहे. अर्ज तुम्हालाच करायचा आहे, ३० सप्टेंबर २०२१ पर्यंत. अट अशी की ३१ मार्च २०२१ ला खातं एनपीए झालेलं नसावं, म्हणजे ९० दिवसांपेक्षा जास्त थकलेलं नसावं, आणि मागच्या वर्षीच्या योजनेत त्याची फेररचना झालेली नसावी. निर्णय बँकेचा असतो, व्याज थांबत नाही, आणि क्रेडिट अहवालात नोंद राहते. तरीही पगार अर्धा झाला असेल तर अर्ज करा. शाखेत तोंडी बोलून येऊ नका. ईमेल किंवा अर्जाची पोच घ्या. अर्जात पगार किती कमी झाला ते लिहा, दारूचं लिहायची गरज नाही.

क्रेडिट कार्डावर "किमान रक्कम" भरून निवांत बसू नका. चाळीस हजार थकलेत, महिन्याला साडेतीन टक्के व्याज आहे असं धरा. व्याज १४०० रुपये, त्यावर जीएसटी २५२. तुम्ही दोन हजार भरले तर मुद्दल साडेतीनशे रुपयांनीही कमी होत नाही. कार्ड कात्रीने कापा आणि बँकेला फोन करून थकबाकीचे ठरावीक हप्ते करून मागा. दर विचारून घ्या, कार्डाच्या दरापेक्षा कमीच निघतो.

सोन्यावर आणखी कर्ज काढून बाकीचं फेडायचा मोह होतो. ऑगस्ट २०२० पासून मार्च २०२१ पर्यंत बँकांना सोन्याच्या किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत कर्ज द्यायची मुभा होती, त्यामुळे अनेकांनी बायकोच्या बांगड्या नेऊन ठेवल्या. तेव्हा तोळा छप्पन हजारांच्या घरात होता, मार्चमध्ये पंचेचाळीसच्या आसपास आला. भाव पडला की बँक जादा पैसे मागते, नाहीतर लिलावाची नोटीस. आणि नुकतीच सोडलेल्या माणसाच्या हातात एकरकमी पैसा म्हणजे काय, ते मी पीएफच्या कोविड अ‍ॅडव्हान्सवर शिकलोय. चाळीस हजार आले होते. बायकोला पंचवीस सांगितले.

कोणाचे आधी

बँक मोठी म्हणून तिचे आधी, असं नाही. रेशन, भाडं, औषधं बाजूला काढा. मग ज्याच्यावर काही गहाण आहे ते: घर, सोनं, रिक्षा. मग जामीनदार अडकलाय ते. त्यानंतर ज्यांचं तुमच्या पैशावाचून अडतं अशी लहान माणसं. आमच्या कोपऱ्यावरच्या दूधवाल्याचे साडेनऊशे होते, आणि मी त्याला टाळायला दुसऱ्या बोळातून जायचो. बाकीच्यांना दरमहा दोनशे-पाचशे का होईना, पण ठरलेल्या तारखेला. फोन त्यांचा यायच्या आधी तुम्ही करा. "या महिन्यात पाचशे, पुढचे पाच तारखेला." बस, जास्त कहाणी नको.

हप्ता थकला म्हणून पोलीस उचलून नेत नाहीत, तो दिवाणी मामला आहे. वसुलीवाला "आत टाकतो" म्हणाला तर घाबरू नका. पण दिलेला चेक वटला नाही तर कलम १३८ खाली फौजदारी होऊ शकते, त्यामुळे नवे चेक कोणालाही देऊ नका. वसुलीवाले शिवीगाळ करत असतील तर बँकेच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. महिनाभरात उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

गावातला किंवा गल्लीतला सावकार महिना दहा टक्के घेत असेल तर तो बेकायदा आहे. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे, परवाना लागतो, आणि दर ठरलेले आहेत: बिगरशेती विनातारण कर्जाला वर्षाला १८ टक्के, महिन्याला दीड. तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करायची. त्याने कोरे चेक किंवा कोरा स्टॅम्पपेपर सही करून घेतला असेल तर तेही अर्जात लिहा.

आणि ती अ‍ॅपं. सात दिवसांचं कर्ज, पाच हजार मंजूर, हातात साडेतीन, आठव्या दिवशी पाच भरा. नाही भरले तर तुमच्या फोनमधल्या सगळ्या नंबरांवर मेसेज. माझ्या मुलीच्या वर्गशिक्षिकेला गेला होता. एका अ‍ॅपचं फेडायला दुसरं घ्यायचं नाही, ही पहिली गोष्ट. दुसरी, सगळ्या धमक्यांचे स्क्रीनशॉट ठेवा आणि राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा, रिझर्व्ह बँकेचं "सचेत" पोर्टलही आहे. रिझर्व्ह बँकेनेच २३ डिसेंबर २०२० ला अशा बेकायदा अ‍ॅपांविरुद्ध इशारा दिला आहे. तिसरी गोष्ट सगळ्यांत कामाची: त्यांचे मेसेज जायच्या आधी तुम्हीच नातेवाइकांना एक मेसेज टाका. "माझ्या नावाने काही आलं तर ते कर्जाच्या अ‍ॅपचं आहे, उत्तर देऊ नका." एकदा सगळ्यांना कळलं की त्यांच्याकडे भीती दाखवायला काही उरत नाही.

खंत

इथे माझ्याकडे पायऱ्या कमी आहेत.

जून २०२० मध्ये मुलीची शाळा ऑनलाइन सुरू झाली. तिच्या फोनसाठी बायकोने शिवणकामातले सात हजार डब्यात ठेवले होते. ते मी प्यालो. मुलगी महिनाभर शेजारच्या ताईच्या फोनवर, त्यांच्या दारात बसून तास करत होती. दारू सुटल्यावर पंधराव्या रात्री हे एकदम वर आलं. बायकोला उठवलं, रडलो, पाय धरायला गेलो. ती म्हणाली, "अहो, आत्ता झोपा. आणि उद्या सकाळी दूध तुम्ही आणा."

मला राग आला. एवढं मन मोकळं केलं आणि ही दुधाचं बोलते. पण सकाळी गेलो. तेव्हापासून दूध मीच आणतो. या टाळेबंदीत सकाळी सात ते अकराच दुकानं उघडी असतात, तरी उशीर होऊ देत नाही. वाटेत बारचं बंद शटर लागतं.

तर नव्यांनी एवढं करावं. रात्री माफी मागू नये, रात्री सगळं मोठं दिसतं. पहिले तीन महिने वचन देऊ नये, एकही. ज्यांना दुखावलं त्यांची यादी करावी, पण लगेच फोन लावत सुटू नये. काहींना आपली माफीसुद्धा त्रासाची असते. आपलं ओझं हलकं करायला त्यांच्या जखमेवरची खपली काढू नये. मुलांना खरं सांगावं, थोडक्यात, दिवसाउजेडी. मी मुलीला म्हणालो, "तुझ्या फोनचे पैसे मी दारूत घालवले." ती म्हणाली, "माहितीये बाबा." आणि गृहपाठ पुढे लिहायला लागली.

जगण्यात अर्थ नाही, आपण गेलो तर विम्यावर तरी कर्ज फिटेल, असे हिशेब डोक्यात चालू झाले तर तो खंतीचा भाग समजू नका, तो आजार आहे. त्याच क्षणी घरातल्या कोणाला तरी उठवा, एकटे राहू नका. सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन चोवीस तास चालते, १४४१६, मराठीतही बोलतात.

एक प्रश्न मात्र मला यंदाच पडला. लेथवरचा माझा जुना सोबती एप्रिलमध्ये कोरोनाने गेला. अंत्यविधीला वीसच माणसांना परवानगी, मला जाता आलं नाही. त्याचे माझ्याकडे अठरा हजार होते. दोन वर्षांपूर्वीचे, तोंडी, साक्षीदार कोणी नाही. त्याच्या बायकोला माहीत असेल असं वाटलं नाही, आणि खरं सांगतो, दोन दिवस मी त्याचा विचार "एक देणं कमी झालं" असाच केला. तिसऱ्या दिवशी मीटिंगमध्ये बोललो. कोणी काही म्हणालं नाही, तिथे म्हणत नाहीत.

मग वहिनींना फोन केला. "कसले पैसे, भावजी?" त्यांनी विचारलं. सांगितलं. बराच वेळ पलीकडून काही नाही, मागे कुकरची शिट्टी ऐकू आली. मग म्हणाल्या, "त्यांनी मला कधी बोलून दाखवलं नाही." दरमहा एक हजार पाठवायचं ठरलं. गेल्या शनिवारी पहिला हप्ता बायकोच्या फोनवरून पाठवला, पिन अजून तिच्याकडेच आहे. खाली शेरा लिहायची जागा असते. तिथे तिने टाइप केलं: १८ पैकी १.